फक्त एकदाच

तिसगावच्या स्टँडवर ऊसतोडीला निघालेली एक बाई बोचक्यावर बसून मोबाईल बघत होती. मुलीला वसतिगृहात जागा मिळाल्याचं पत्र ती उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. दर वेळी मोबाईल विचारायचा, फाईल कोणत्या ॲपमध्ये उघडू? ती चटकन 'फक्त एकदाच' दाबायची.

शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "ताई, 'नेहमी' दाबा. माझ्या लॅपटॉपवर उघडते तशी फाईल आपोआप उघडेल. सारखं विचारणार नाही."

"इचारू द्या की!" ती फणकारली. "गाव सोडायचं, पोरीला मागं ठिवायचं, मला कुनी इचारलं? ह्यो तरी इचारतोय."

ट्रक आला. चढतानाही तिचा अंगठा मोबाईलवरच होता.

घरी लॅपटॉपवर माझी फाईल काही न विचारता उघडली. पहिल्यांदाच मला तो आगाऊपणा वाटला.