डावीकडची चावी

लग्नात सासऱ्यांनी लंबकाचं घड्याळ दिलं. उदगीरच्या मांडवात ते हिम्मतरावांच्या हातात ठेवताना म्हणाले, "जावईबापू, उजवी चावी तुमची."

पांढऱ्या तबकडीवर दोन भोकं होती. हिम्मतरावांना वाटलं, चावी उजव्या भोकात द्यायची, एवढंच सासऱ्यांना सांगायचं आहे. डावं भोक कशाचं, हे त्यांनी विचारलं नाही. दर रविवारी आंघोळ झाली की ते स्टुलावर चढायचे, उजवीकडे चावी द्यायचे आणि खाली उतरायचे. चिक्कडपल्लीच्या दोन खोल्यांत घड्याळ चालत राहिलं, तासातासाला टोल देत राहिलं. त्यांच्या हिशेबी हे सगळं त्या एका चावीवर होत होतं.

पाटबंधारे खात्यात ते नकाशे उतरवून काढत. दुसऱ्यानं आखलेल्या रेषेवर पातळ कागद ठेवायचा आणि तीच रेष पुन्हा ओढायची. कालवा कुठून येतो, कुठे जातो, याच्याशी संबंध नाही. अशी नोकरी केलेला माणूस घरातही फार काही विचारत नाही. त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाईही फार सांगत नसत. दोघांचं बरं चाललं होतं.

मग त्रिवेणीबाई गेल्या. दहाव्याच्या दिवशी विधी उरकून माणसं घरी आली, चहा घेत बसली. चार वाजले. घड्याळानं एक टोल दिला. बऱ्याच वेळानं दुसरा, अगदी मरगळलेला. तिसऱ्यासाठी आत हातोडी हलल्यासारखं वाटलं, पण टोल पडला नाही. सगळे वर बघत राहिले. लंबक हलत होता, काटे चालत होते. कोणीतरी म्हणालं, "घड्याळालाही कळलं बघा."

हिम्मतरावांनी ते वाक्य धरून ठेवलं. माणसं पांगली. मुलगी तेजश्री कोंडापूरला तिच्या फ्लॅटवर परत गेली. घरात उरलं ते एक मुकं घड्याळ. आपल्याइतकंच दुःख झालेलं दुसरं कोणीतरी या घरात आहे, असं त्यांना वाटे. पण पुढेपुढे ही शांतता अंगावर येऊ लागली. दुपार कुठे संपते ते कळेना. चहा एकदा झालाय की नाही हे ओट्यावरचा कप बघून ठरवावं लागे. या घरात आता दुसरा आवाज उरला नव्हता. तेवढा तरी परत मिळतो का बघावं म्हणून एके सकाळी त्यांनी लंबक काढून खिशात ठेवला, घड्याळ चादरीत गुंडाळलं आणि रिक्षानं अफझलगंजला गेले.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गौसमियांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी. त्यांनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं, बोटानं काहीतरी चाचपलं आणि भिंग काढलं.

"कुछ नहीं हुआ इसकू. चावीच नहीं दिए आप."

"देतो की. दर रविवारी."

"हौ, सीधे बाजू की. वो काटों की चावी है साब. घंटे की ये है, उल्टे बाजू की. दो इस्प्रिंगां हैं इसमें."

"तिकडे मी कधीच चावी दिली नाही."

"फिर कौन देता था? भूत?" गौसमियां हसले. मग त्यांनी घड्याळ उजेडाकडे तिरपं केलं. डाव्या भोकाखाली तबकडीवर बारीक, गोलसर ओरखडे होते, एकावर एक. उजवीकडे एकही नव्हता. "चूडियां के निशान हैं ये. कित्ते साल हुए शादी कू?"

हिम्मतरावांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. गौसमियांचं हसू ओसरलं. त्यांनी डावीकडे चावी घालून पहिला पीळ दिला. त्याबरोबर घड्याळानं एक टोल दिला, मग आणखी एक, आणि ते थांबलं.

"अटके हुए थे," गौसमियां म्हणाले. "आधे में दम निकल गया था ना. चार पूरे हो गए."

दहाव्याचे ते दोन आणि हे दोन, हिम्मतरावांनी मोजले.

"अब काटों से मिला देतूं. ये पुरानी घडी है, काटे नहीं देखती. चार के बाद पाँचीच बजाती, टाइम कुछ भी हो. ये तार उठाए तो आगे के घंटे बजा लेके बराबर होजाती. दो मिंट का काम है."

गौसमियांचं बोट तारेखाली गेलं होतं.

"नको. राहू द्या."

"गलत बजेगी साब. लोगां पागल बोलिंगे."

"घरी कोणी नाही," हिम्मतराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी उदगीरला मेहुण्याला, नामदेवरावांना फोन लावला. नामदेवरावांना त्यात नवल वाटलं नाही.

"आमच्याकडं तशीच रीत हाय की दाजी. काटे गड्यानं चालवायचे, टोल बाईनं. दिवसभर घरात तीच असती, तिलाच ऐकायचे असतेत. ताईनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही इचारलं नसंल."

ते खरंच होतं. कुठल्या वारी ती स्टुलावर चढत असेल? ते ऑफिसात असताना? निवृत्तीनंतर, ते दुपारी आडवे झाल्यावर? एवढी वर्षं ते एकाच छताखाली होते आणि एका घड्याळाला दोघं चावी देत होते, हे फक्त तिला ठाऊक होतं. घड्याळ दुःखात आहे ही समजूतही आता गेली होती. त्याची चावी उतरली होती, एवढंच.

एक वाजता पाच टोल पडले. हिम्मतरावांनी मोजले. तिच्या चारानंतरचे हे पाच.

दोन दिवसांनी, सकाळी आठला तेजश्रीचा फोन आला, ऑफिसच्या बसमधून. बोलणं चालू असताना टोल सुरू झाले आणि चालूच राहिले.

"बाबा, किती वाजवतंय ते? बारा? आठ वाजलेत ना आत्ता."

"हो."

"मग परत बिघडलं का? असू द्या हो, सेलचं मशीन बसवून टाकू. ऑनलाइन मिलता है. चावीचं टेन्शनच नको."

"बिघडलं नाही. चाराच्या पुढे नीट वाजतंय."

"म्हणजे?"

त्यांना सांगावंसं वाटलं. पण बसचा आवाज होता, तिच्या बाजूला कोणीतरी तेलुगूत हसत होतं. "ये रविवारी, बघू," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते स्टुलावर चढले. घड्याळाचं दार उघडून ती तार शोधली. बोटानं उचलली असती तर दोन मिनिटांत टोल आणि काटे जुळले असते. मग त्यांना कळलंच नसतं, टोल तिचा की वेळेचा. त्यांनी बोट मागे घेतलं. चावी डावीकडे घातली. पीळ अर्ध्यावर अडखळला, मनगट कसं वळवायचं ते कळेना. तो कसाबसा पुरा करून ते खाली उतरले.

दुपारी तीन वाजता सात पडले. संध्याकाळी साताला त्रिवेणीबाई देवाजवळ दिवा लावत. हिम्मतराव उठले, वात तेलात ओली केली, काडी ओढली. खिडकीतून ऊन थेट देव्हाऱ्यावर आलं होतं. त्यात ज्योत दिसेना. पेटली आहे का ते बघायला त्यांनी वातीवर तळहात धरला.