एकशे सत्तेचाळीस नंबरची बिअर

अण्णा गेले तो मंगळवार होता. पुण्यात सकाळ होती, इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला, दुपार. मी लायब्ररीत ट्रॉलीवरची पुस्तकं शेल्फवर लावत होते. दादाचा फोन आला. मी ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेली पुस्तकं लावली.

मग मला भीती वाटली.

दुःख आलं, पुष्कळ आलं, पण ते नंतर. आधी आली ती भीती. दादा आता अण्णांचं कपाट उघडणार. त्यांच्या फायली काढणार. एका फाइलीत एक कागद असणार — आणि तो कागद वाचून त्याला कळलं तर?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मिलिंदला, माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि तो तर त्या सगळ्या काळात त्याच घरात होता. तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट माहीत नाही. तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

अण्णा चिंचवडच्या एका कारखान्यात होते. सरबतं, गोळ्या, बिस्किटं यांत घालायचे अर्क तिथे बनत. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं वास घेतले. खरंच, त्यांचं काम तेच होतं. केवड्याच्या दहा बाटल्यांतली कुठली बिघडली आहे, ते यंत्राआधी त्यांचं नाक सांगायचं. कपड्यांना कडक इस्त्री, नखं कापलेली, हात सतत धुतलेले. “स्वच्छता ही पहिली पायरी. ती चुकली की पुढचं सगळं फुकट,” हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल? रसायनशास्त्रात मला कमी गुण पडले आणि मी कला शाखेला गेले, तेव्हा ते म्हणाले होते, “मंजू, नाक तू माझं घेतलंस. शिस्त मात्र घेतली नाहीस.” हसत म्हणाले होते. मी ते विसरले नाही, एवढंच.

आई गेल्यावर, दोन हजार सात साली, ते आमच्याकडे नऊ महिने राहायला आले. मिलिंद सकाळच्या गाडीने वेलिंग्टनला जायचा, मी लायब्ररीत, आमची मुलगी इरा शाळेत. अण्णा घरात एकटे. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं, पुन्हा यायचं, खिडकीशी बसायचं. मग एकदा ते माझ्यामागून गराजमध्ये आले.

गराजमध्ये माझी बिअर असायची. इथे आल्यावर दोनेक वर्षांनी मला तो नाद लागला होता. धान्य भिजवायचं, उकळायचं, आंबवायचं, वाट बघायची — माझ्यासारख्या गप्प माणसाला ते बरं होतं. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबात जायला लागले, पुढे परीक्षा देऊन स्पर्धांची परीक्षकही झाले. अण्णांना हे सांगायची मला लाज वाटत होती. ते आयुष्यात दारूला शिवले नव्हते. पण त्यांनी ड्रमचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलंच खातं आहे!”

महिन्याभरात त्यांनी स्वतःचा ड्रम घेतला. प्यायचे नाहीत. घोटभर तोंडात घोळवायचे आणि थुंकून टाकायचे, प्रयोगशाळेत करत तसं. वहीत नोंदी. मे महिन्यात त्यांनी माझ्या कढईत धणे भाजले, इंडियन शॉपमधला काळा गूळ आणला आणि मला गराजमधून बाहेर काढलं.

“काय करताय?”

“निकाल लागेपर्यंत सांगत नसतो.”

“मला चव तरी बघू द्या.”

“तू परीक्षक ना? मग लांब राहा.”

मला वाटलं, थट्टा आहे. त्यांनी बिअर स्पर्धेत दिली आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. अण्णा नियमाचे पक्के. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी त्यांनी सहज म्हणून विचारलं होतं की मी कुठल्या टेबलावर असेन. लागरच्या, म्हणजे साध्या फिक्या बिअरच्या, मी म्हटलं होतं. मगच त्यांनी बाटल्या, स्पर्धेसाठी जमा करतात त्या दुकानात नेऊन दिल्या होत्या — हे सगळं मला नंतर जुळलं.

स्पर्धेच्या सकाळी एका परीक्षकाला फ्लू झाला. मला लागरवरून उठवून मसाले घातलेल्या बिअरच्या टेबलावर बसवलं, ब्रायनसमोर. ब्रायन रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, मनाने फार चांगला माणूस. आमच्यासमोर पाणी, कोरडे क्रॅकर्स, पेन्सिली. बाटल्या पडद्यामागे. आपल्यापुढे येतो तो फक्त ग्लास आणि नंबर. कुणाची बिअर आहे ते परीक्षकाला कळू नये, यावरच ते सगळं उभं असतं.

एकशे सत्तेचाळीस नंबर आला. मी ग्लास नाकाशी नेला.

भाजलेले धणे. खालून गूळ. माझ्या स्वयंपाकघराचा वास.

इथे काय करायचं ते ठरलेलं आहे. कुणाची बिअर आहे हे ओळखलं तर हात वर करायचा, सांगायचं, आणि दुसरा परीक्षक येतो. कुणी काही म्हणत नाही. पाच सेकंदांचं काम. मी हात वर केला नाही.

का? मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आले की घाबरले. या हॉलमध्ये मी एकटीच भारतीय, लोकांना वाटेल बाप-लेकीचं काही संगनमत आहे. पण हात वर केला असता तर हा संशय उरलाच नसता, नाही का? तेव्हा ते कारण नव्हतं. खरी भीती वेगळी होती. मी घोट घेतला. आणि मला कळलं की ही बिअर माझ्या कुठल्याही बिअरपेक्षा चांगली आहे. सहा वर्षांत मला एक ब्राँझ मिळालं होतं. त्यांची ही तिसरी खेप. ते जिंकतील, इस्त्रीचा शर्ट घालून पुढे जातील, सगळे टाळ्या वाजवतील आणि ब्रायन मला म्हणेल, मंजिरी, हे तुझे डॅड? — आणि ज्या एका जागी मी कुणाची मुलगी नव्हते, तिथेही मी त्यांची मुलगी होईन. कमी शिस्तीची.

याची मला भीती वाटली. म्हणून मी पन्नासपैकी एकवीस गुण लिहिले.

ब्रायनने अडतीस दिले होते. आमच्याकडे दोन परीक्षकांच्या गुणांत सातापेक्षा जास्त अंतर ठेवत नाहीत. बोलायचं, पुन्हा चाखायचं, जवळ यायचं. ब्रायन म्हणाला, “मला तर मस्त वाटली, मेट. तुला काय लागलं?”

“आंबट,” मी म्हटलं. “शेवटी. संसर्ग झालेला आहे.”

त्याने पुन्हा घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मला आठवतं, माझे हात टेबलाखाली होते.

“मला नाही लागत. पण तुझं नाक माझ्यापेक्षा तेज आहे,” तो म्हणाला, आणि त्याने अडतीस खोडून अठ्ठावीस केले.

आता शेरा. गुण कसेही असोत, बनवणाऱ्याला उपयोग होईल असं काही लिहायचं, हा आमच्या कामातला चांगुलपणा. दोष सांगायचा, उपाय सांगायचा. मी इंग्रजीत लिहिलं की भांडी नीट निर्जंतुक केलेली दिसत नाहीत. की स्वच्छता ही पहिली पायरी आहे, आणि ती चुकली की पुढचं सगळं फुकट. इतके शब्द होते, आणि मी त्यांचेच शब्द घेतले. मोठ्या छापील अक्षरांत लिहिलं — मी कधी तसं लिहीत नाही. कोपऱ्यात नेहमी नाव लिहायचे, त्या दिवशी परीक्षक-क्रमांक लिहिला. म्हणजे डोकं नीट चालत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांनी पोस्टाने पाकीट आलं. मी सिंकपाशी होते. अण्णांनी चष्मा लावला, टेबलाशी बसले, आणि मला पाठीमागून कागदाचा आवाज ऐकू आला. मी तोच कुकर पुन्हा घासला. त्यांनी वाचलं. परत वाचलं.

“मंजू, मी तुला न सांगता एक उद्योग केला होता,” ते म्हणाले. “आपटलो.”

मी वळले. मला आश्चर्य वाटल्याचा चेहरा करता आला. तेही करता आलं.

“हा दुसरा आहे ना, अठ्ठावीसवाला, तो भिडस्त आहे बिचारा. गोड गोड लिहितो. खरं बोलणारा हा. आणि गंमत बघ, अगदी माझ्यासारखा बोलतो! अक्षर मात्र काय हे, दुकानाची पाटी. तू कुठे होतीस गं त्या दिवशी?”

“लागरच्या टेबलावर,” मी म्हटलं.

त्यांना कळलं होतं का? मी हा प्रश्न हजारदा उलटापालटा केला आहे. नाही. कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी पुढे जे केलं ते केलं नसतं.

त्यांनी उरलेल्या बाटल्या गराजच्या मोरीत ओतल्या. मग भांडी धुवायला लागले. रोज. ब्लीचने, उकळत्या पाण्याने, पुन्हा ब्लीचने. त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. इरा एकदा म्हणाली, “आजोबा, युअर हँड्स आर ब्लीडिंग,” तर म्हणाले, “काही नाही गं, थंडी आहे.” आणि एके दिवशी मी आमटी करत असताना चमचा पुढे केला, मीठ बघायला, नेहमीसारखा. त्यांनी तो घेतला नाही.

“तूच बघ. माझ्या जिभेचा आता भरवसा नाही. त्या बिअरमध्ये मला आंबट लागलंच नव्हतं, म्हणजे बघ.”

मी चमचा हातात धरून उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. तीन शब्द पुरले असते — ती मी होते. आमटी उकळत होती, अण्णा माझ्याकडे बघत होते. मी मीठ बघितलं आणि म्हटलं, बरोबर आहे.

मिलिंद त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी नाक तपासलं, काही दोष नाही म्हणाले. अण्णा येताना गाडीत म्हणाले म्हणे, “वय झालं की जातं. मान्य करायला हवं.” मिलिंदने मला हे सांगितलं आणि म्हणाला, “किती मोठ्या मनाने घेतात ना अण्णा?” मी हो म्हटलं.

नोव्हेंबरात ते परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक बंद न केलेलं पाकीट दिलं. त्या परीक्षकासाठी. क्लबात कुणाला तरी क्रमांकावरून माहीत असेल, तेवढं पोचव. त्यांना त्याआधी एकदा क्लबात येऊन त्या माणसाला भेटायचं होतं, आणि मी सांगितलं होतं की बाहेरचे परीक्षक होते, साउथ आयलंडमधून, पलीकडच्या बेटावरून आलेले. हे पाकीट घेताना मला वाटलं, ते आता माझ्या तोंडाकडे बघतील. ते बॅगेला कुलूप लावत होते.

पुण्यात त्यांनी दोन वर्षं काढली. दादा फोनवर सांगायचा, अण्णा हल्ली कशाचा वास घेत नाहीत. फुलांचासुद्धा. दूध नासलंय का ते वहिनीला विचारतात. “तुझ्याकडून आल्यापासून असं झालंय,” तो म्हणायचा, नुसतं सांगायचं म्हणून, आणि मी फोनकार्डाची मिनिटं संपत आल्याचं सांगून ठेवून द्यायचे.

ज्या कागदाची मला भीती होती, तो निघाला. तेराव्यानंतर दादाने फोन केला.

“अगं, फाइलीत एक इंग्रजी कागद आहे. कसली तरी परीक्षा. अण्णांना पन्नासपैकी एकवीस! अण्णांना!” तो हसला, मग त्याचा आवाज भरून आला. “हा काय जपून ठेवण्यासारखा कागद आहे? तुझ्या तिकडचा दिसतोय. पाठवू, की टाकू?”

मी म्हटलं, “टाक.”

म्हणजे अण्णा गेल्यावरही. आता घाबरण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, तरीही.

मी अजून स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. कोपऱ्यात नाव लिहिते. ब्रायन अजून म्हणतो की माझं नाक तेज आहे.

कागद गेला. पत्र माझ्याकडे आहे. एक पान, फाउंटन पेन, अण्णांचं तिरकं अक्षर. त्यात त्यांनी परीक्षकाचे आभार मानले आहेत. मग विचारलं आहे की आंबटपणा आपणास नक्की कुठे जाणवला — जिभेवर येताच, की गिळल्यानंतर. कारण मला तो सापडला नाही आणि मला शिकायचं आहे. खाली सही आणि आमच्या घराचा पत्ता, उत्तर पाठवण्यासाठी.

मी उत्तर दिलेलं नाही.