वर्गणी माझी, हॉटेल जावेचं

मला माझ्या मोठ्या जावेचा हेवा वाटायचा. आमच्याकडे बायका असल्या वेळी "मला काय त्याचं" म्हणतात आणि मग तासभर त्याच विषयावर बोलतात. मला होतं त्याचं. सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं आणि रात्री दिवा मालवेपर्यंत चालायचं.

तिचं हॉटेल नॉटिंगहॅममध्ये, स्टेशनवरून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. लिफ्ट होती, काचेचा पोर्च होता, रिसेप्शनवर ताजी फुलं असायची. आमचं गेस्टहाऊस मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. सात खोल्या, आणि जिना इतका अरुंद की मोठी सूटकेस आणि माणूस एका वेळी वर जात नसत. आमच्याकडे पेशंटांचे नातेवाईक उतरायचे, युनिव्हर्सिटीत परीक्षा घ्यायला आलेले प्रोफेसर उतरायचे, कधी बॉयलर बसवायला आलेली माणसं. मजेत शहर बघायला म्हणून आलेलं माणूस आमच्या दारात कधी उभं राहिलं नाही.

मोठे दीर आणि जाऊ आमच्या कितीतरी आधी आलेले. आम्ही आलो तेव्हा पहिली काही वर्षं त्यांच्याच हॉटेलात काढली. हे रिसेप्शनवर बसायचे, मी चादरी बदलायची. तेव्हा जाऊ सगळ्यांना सांगायची, "आपलं हॉटेल आहे." काम असलं की आपलं. ब्रिटिश बँक मॅनेजर जेवायला आला की तिचं. आम्ही स्वतःचं गेस्टहाऊस घेतलं तेव्हा तिने सत्यनारायणाला चांदीचं निरांजन दिलं आणि खोल्या बघून म्हणाली, "क्यूट आहे गं." ते क्यूट माझ्या घशात अडकलं ते अडकलंच.

त्यात आमचे हे. "वहिनींनी बघ कसं नवीन कार्पेट घातलं. वहिनी बघ कशा कस्टमरशी बोलतात." वहिनी, वहिनी. माझ्या पोहे करण्यातही कुठेतरी वहिनी निघायच्या.

शहरात ट्राम नुकती सुरू झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. नॉटिंगहॅमला कुणी फिरायला येत नाही, लोक इथून गाडी बदलून पुढे जातात, असं हॉटेलवाल्यांचं रडगाणं होतं. त्यावर एक योजना निघाली. शहरातल्या हॉटेलांनी आपापल्या आकाराप्रमाणे दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची आणि ती फक्त शहराच्या जाहिरातीसाठी वापरायची: ब्रोशर, वेबसाइट, लंडनच्या स्टेशनांवर पोस्टर. पोस्टाने मतदान होणार, आणि योजना पास झाली की विरोधात मत दिलेल्यांनाही पैसे भरावे लागणार. सगळे तिला लेव्ही म्हणायचे. छोट्या गेस्टहाऊसना त्यातून सूट होती. आणि ज्यांना सूट, त्यांना मत नाही.

ही बातमी जावेनेच रविवारच्या जेवणाला सांगितली. "तुम्हाला काही टेन्शन नाही हं. You're too small, ना. लकी आहात!"

हे खूश. "सुटलो!" म्हणाले आणि आमटीचा आणखी एक वाडगा घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कल्याणला आमच्या आळीत गणपतीची वर्गणी मागायला पोरं यायची, तेव्हा एका घराचं दार ती कधी वाजवायची नाहीत. का, ते कुणी बोलायचं नाही, पण त्या घरातली बाई खिडकीच्या पडद्याआडून वर्गणी मागणाऱ्यांकडे बघत असायची ते मी पाहिलंय. वर्गणी मागत नाहीत म्हणजे मोजत नाहीत. मला ती लेव्ही भरायची होती. जावेला लागते तर मलाही लागली पाहिजे.

मतदानाच्या आधी एक सभा ठरली, जावेच्या हॉटेलच्या ब्रेकफास्ट रूममध्ये. छोट्यांनाही ऐकायला बोलावलं होतं. मी त्यासाठी सेलमधून बॉटल ग्रीन रंगाचा लोकरी कोट घेतला. प्रश्न कागदावर लिहून तयार केला. आरशासमोर इंग्रजीत तो म्हणूनही पाहिला: आम्हीही बेड भाड्याने देतो, मग आम्हाला मत का नाही? सभेला मालकीण म्हणून जायचं, खुर्चीवर बसायचं, हात वर करायचा, एवढंच डोक्यात होतं.

आणि मी गेले, बरोबर हे. दारातून आत पाऊल टाकलं तर बटाटेवडे तळल्याचा वास आला. आता हे कुणा इंग्रजाला सांगून कळणार नाही. मोठ्या जावेच्या घरी धाकटी जाऊ गेली की ती आधी स्वयंपाकघरात जाते. कुणी पाठवत नाही, पायच जातात. मी "जरा बघून येते" म्हणत आत गेले. तिचा शेफ फोनवर बोलत होता आणि कढईतले वडे करपायला आले होते. मी कोट काढला, बाह्या वर केल्या, झारा हातात घेतला. वडे काढून ट्रेमध्ये लावले, चटणी ओतली आणि ट्रे घेऊन दार ढकललं तर समोर प्रकाश चमकला. कमिटीने फोटोग्राफर आणला होता.

मी हसले होते. वडे वाचले म्हणून ते हसू होतं, दुसरं काही नाही.

आत माणसं बसलेली. जाऊ पुढच्या टेबलाशी, सिल्कची साडी, पार्लरमधून सेट केलेले केस. कौन्सिलचा माणूस बोलत होता. त्याने माझ्या ट्रेमधला वडा उचलला, मान हलवली आणि टिश्यू आहे का म्हणून विचारलं. जावेने हसून सगळ्यांना सांगितलं, "My sister-in-law. She loves to help."

मी टिश्यू आणून दिले. मग चहा आला, मग वडे संपले म्हणून मी पुन्हा आत गेले. बाहेर आले तेव्हा खुर्च्या सरकवायचा आवाज येत होता. माझा प्रश्न कोटाच्या खिशातच राहिला. बसमध्ये मी यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि यांना वाटलं, मी दमलेय.

योजना पास झाली. जाऊ कमिटीवर गेली. आता ती रविवारी "आमच्या बोर्डवर" अशी वाक्यं सुरू करायला लागली.

मी कमिटीच्या ऑफिसला फोन केला. म्हटलं, मला लेव्ही भरायची आहे. पलीकडच्या मुलीने तीनदा विचारलं की मला भरायची आहे की मला भरायची नाही. शेवटी म्हणाली, स्वखुशीने सभासद होता येईल, ब्रोशरमध्ये नावही येईल, पण आजवर कुणी मागितलेलं नाही.

यांनी डोक्याला हात लावला. "लोक टॅक्स चुकवायला अकाउंटंट ठेवतात आणि तू आपणहून निघालीस? जिन्याचं कार्पेट फाटलंय, ते बघ आधी."

"कार्पेटवर आपलं नाव छापून येणार नाही," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी जावेचा फोन. "अगं, कशाला उगीच खर्च? आमच्या पानावर खाली एक लाइन टाकते ना तुमची. 'Also in the family', असं. No problem at all."

तिचा हेतू चांगला होता, असं हे अजून म्हणतात. असेलही. पण मी जन्मभर त्याच लाइनवर राहिले होते. "नको वहिनी," मी म्हणाले, "आमची लाइन आम्ही काढू." आणि चेक पाठवला. कार्पेट पुढच्या वर्षावर गेलं. पाहुण्यांना मी जिन्यात "mind the edge" म्हणत राहिले.

पुढचे महिने मी ब्रोशरची वाट पाहिली. हसू नका, पण पोस्टमनची चाहूल लागली की हातातलं काम टाकून दाराशी जायची. शेवटी खोकं आलं. मी पोळ्या करत होते. कणकेच्या हातानेच उघडलं.

कव्हरवर मी होते.

अख्ख्या कव्हरवर. दार ढकलून येणारी, हातात वड्यांचा ट्रे, बाह्या वर, केसांची एक बट सुटलेली, आणि ते हसू. माझा इतका चांगला फोटो लग्नातही आला नव्हता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की नॉटिंगहॅममध्ये तुमचं मनापासून स्वागत आहे. आणि त्याच्याखाली, जावेच्या हॉटेलचं नाव.

आमचं गेस्टहाऊस शेवटच्या पानावर होतं, नाव आणि फोन नंबर, वाचायला चष्मा लागेल अशा टायपात.

आमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिने ब्रोशर उलटंसुलटं करून पाहिलं. "आई, तू तर फेमस झाली! बट हॉटेल काकूचा आहे." हे हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मी रडले. त्यांना वाटलं, मीही हसतेय.

ऑफिसच्या मुलीने दहा वेळा सॉरी म्हटलं. डिझाइन करणाऱ्यांना वाटलं, ट्रे घेऊन स्वागत करणारी तीच त्या हॉटेलची मालकीण. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पण ही आवृत्ती छापून, वाटून, स्टेशनांवर जाऊन पोचली होती.

जावेचा दोन दिवस फोन आला नाही. तिने त्या सभेच्या आधी रिसेप्शनपाशी, लिफ्टपाशी, फुलांपाशी उभं राहून फोटो काढून घेतले होते. त्यातला एकही छापला नव्हता. तिसऱ्या दिवशी बोलली. "फोटो बरा आलाय गं तुझा." त्या "बरा"मध्ये किती मिरच्या होत्या ते मला फोनवरही कळलं. क्षणभर फार बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही, कारण लोक यायला लागले. शनिवार-रविवार जावेचं हॉटेल फुल. एडिनबराहून, कार्डिफहून, वयस्कर जोडपी ब्रोशर हातात घेऊन यायची आणि रिसेप्शनवर विचारायची, त्या बाई कुठे आहेत? जावेने बटाटेवडा ब्रेकफास्टच्या मेन्यूवर घातला. मला एकदा म्हणाली, "शनिवारी दहा मिनिटं येऊन जातेस का? Guests विचारतात गं. नुसतं हाय म्हणायचं."

"माझ्याकडेही गेस्ट आहेत, वहिनी," मी म्हणाले. होते दोघे. एकाच्या बायकोचं बायपास होतं आणि दुसरा बॉयलरवाला.

आमच्याकडे ब्रोशर पाहून एक माणूस आला नाही. वर्षभरात एकही नाही. माझ्या वर्गणीने, माझ्या तोंडाने, माझ्या वड्यांनी तिच्या खोल्या भरत होत्या, आणि रात्री भांडी घासताना मी तिच्या भरलेल्या खोल्यांचा विचार करायची. ट्राममध्ये समोरच्या बाकावर कुणी विसरलेलं ब्रोशर दिसलं की ते पालथं घालायची. पुढच्या स्टॉपला पुन्हा सुलटं करायची, कारण फोटो खरंच छान होता.

गौरी आमच्या जावेकडे बसतात. त्या वर्षी आदल्या दिवशी आम्ही दोघी फुलं आणायला मार्केटमध्ये गेलो होतो. शेवंती मिळाली नाही म्हणून जाऊ कुरकुरत होती, कार्नेशन चालतील का असा आमचा वाद चाललेला. तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई माझ्यासमोर येऊन थांबली. शेजारी तिचा नवरा, काठी टेकत.

"It's you!" ती म्हणाली आणि तिने माझा हात धरला. चार दिवस तुमच्या हॉटेलात आहोत, म्हणाली. तुम्ही भेटला नाहीत, पण इतकं स्वच्छ, इतकं आपुलकीचं हॉटेल आम्ही पाहिलं नाही. पहिल्या रात्री माझ्या नवऱ्याला बरं वाटत नव्हतं, तर न मागता आल्याचा चहा वर खोलीत आला. सकाळी पुन्हा आला. तो तुम्हीच पाठवला असणार.

जाऊ माझ्या उजव्या हाताला उभी होती, हातात कार्नेशनचे गुच्छ. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"थँक यू," मी म्हणाले. "नक्की पुन्हा या."

बाईने माझा हात दाबला, नवऱ्याचा दंड धरला आणि ते दोघे गर्दीत हळूहळू दिसेनासे झाले. आम्ही फळांचे स्टॉल ओलांडले, माशांचे ओलांडले. जाऊ नेहमी माझ्या दोन पावलं पुढे चालते. त्या दिवशी मागे राहिली. मी थांबले. तिचे कान लाल झाले होते, आणि तिचा ओठ असा थरथरत होता की मला वाटलं ही आता भर मार्केटमध्ये रडणार.

"तो चहा मी केला होता," ती म्हणाली. "मी स्वतः. आलं किसून. ते थँक यू माझं होतं."

इतक्या वर्षांत तिला माझं काहीतरी हवं होतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"हो वहिनी, तुमचंच होतं," मी म्हणाले. "पण देणार नाही."