कूलरमधलं कोंबडीघर

माझी बायको सुमन जाताना मागं अकरा कोंबड्या ठेवून गेली. त्यातल्या चार मी नीट सांभाळून बोक्याला खाऊ घातल्या.

मुद्दाम नाही. कोंबड्या संध्याकाळी घरी येईनात. सुमन होती तेव्हा दिवस कलला की सगळ्या गुमान अंगणात यायच्या, ती वरून डालगं झाकायची, काम खतम. ती त्यांना काय म्हणून बोलवायची, ते मी कधी पाहिलं नाही. (त्या वेळी मी ओट्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसलेला असायचो. चाळीस वर्षं!) मी "आ, आ" केलं, ज्वारी फेकली, मागं धावलो. कोंबड्या ज्वारी खायच्या आणि कडुनिंबावर चढायच्या. त्यांच्या मागून बोका चढायचा.

मग दारव्ह्याहून माझ्या साळीचा, मंदाचा, फोन आला.

"भाऊजी, किती उरल्या?"

"सात."

"ताईची तेवढीच तं निशाणी हाय! वर्षश्राद्धाले येतो तवा पाहतो. तुमच्याच्यानं होत नसन तं मी घेऊन जातो त्याइले."

मी फोन ठेवला. कोंबड्या गेल्या तर अंगणात मी आणि बोका, असे दोघंच उरणार. तो बोका मला पहिल्यापासून आवडत नाही. म्हणून कोंबड्यांना घर बांधायचं ठरवलं.

बोरी गावातून वेल्डिंगवाला शरीफभाई आला. "काका, डिझाईन बताव," म्हणाला. मी काडी घेऊन मातीत काढून दाखवलं.

"हे काय हाय? एस्टी?"

"कोंबड्याचं घर हाय!"

"मंग चाकं कायले काढले?"

"चाकं नाहीत ते, अंडे हायेत!"

शरीफभाईनं माझं डिझाईन पायानं पुसलं. मग त्याची नजर आमच्या जुन्या कूलरवर गेली. चांगला कमरेइतका पत्र्याचा डबा, तिन्ही बाजूंनी वाऱ्याला फटी. त्यानं पंखा आणि मोटर काढली, आत बसायला दोन आडव्या दांड्या ठोकल्या, पाण्याच्या टाकीत अंड्यांसाठी कुटार, म्हणजे मऊ भुसा, भरलं. समोर कोंबड्यांना फिरायला दहा फूट लांब जाळीचा पिंजरा केला, वरूनही जाळी. (यंदा उन्हाळ्यात मी ओला दुपट्टा घेऊन झोपलो. कोंबड्या कूलरमध्ये!)

पिंजऱ्याच्या दाराची अक्कल मात्र माझी. दार लोटलं की कडी बाहेरून आपोआप पडली पाहिजे, म्हणजे बोक्याचा बापही आत जाणार नाही.

"काका, अन् आतून उघडाची सोय?"

"कोंबड्या कायले आतून उघडतीन?"

"बरं," शरीफभाई म्हणाला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

पहिल्या संध्याकाळी साती कोंबड्या कूलरच्या छतावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी आत बल्ब लावला. त्या उजेडात माश्या आल्या, पाली आल्या, कोंबड्या नाही आल्या. तिसऱ्या दिवशी आत भिजवलेले दाणे ठेवले. ते उंदरांनी खाल्ले. चौथ्या दिवशी मंदा यायची होती. दिवस कलला आणि मला वाटलं, या बिचाऱ्यांना दारच कळत नसेल. दाखवायला पाहिजे. मी तोंडात खर्रा, हातात ज्वारी असा रांगत आत शिरलो.

माझाच पाय लागून मागं दार लोटलं गेलं. खट्ट!

कडी पडली. माझ्या अकलेनं आयुष्यात पहिल्यांदा काम केलं!

कोंबड्या वरच्या जाळीवर रांगेनं बसून खाली पाहू लागल्या. बोकाही भिंतीवर टेकला. त्यानंही असं कधी पाहिलं नसावं. तेवढ्यात फाटक वाजलं. मंदा, हातात पिशवी.

"भाऊजी?"

"हं."

"तुमी आत अन् कोंबड्या बाहेर?"

"दाखवून राह्यलो त्याइले."

मंदानं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि तोंड उघडलं. "अव माय! दिवस बुडाला, लोकं हात-पाय धुऊन दिवा लावून राह्यले, अन् हा मानूस बसला धोंड्यावानी! थुका तो खर्रा आधी! लाज नाही, शरम नाही..."

वरच्या कोंबड्यांच्या माना ताठ झाल्या. बोलता बोलता मंदानं कडी काढली, दार उघडलं. एक कोंबडी टुणकन उतरली, मंदाच्या पायाजवळून आत आली आणि माझ्या मांडीवरून कूलरमध्ये गेली. मागून दुसरी. तिसरी. मंदा दम घ्यायला थांबली, तर चौथी एक पाय वर धरून दारातच थांबली.

"मंदा, थांबू नको! बोल!"

"काय बोलू?"

"काहीही! मले बोल!"

तिला ते अवघड गेलं नाही. चाळीस वर्षांचा साठा होता. साती आत गेल्या.

तेव्हा मला कळलं. सुमन कोंबड्यांना कधी बोलवतच नव्हती. ती रोज त्या वेळी मला बोलायची. कोंबड्यांनी ते ऐकून घराची वेळ धरली. मी चाळीस वर्षांत काहीच धरलं नाही.

मंदा ओट्यावर बसली. पदर डोळ्याला.

"ताई असंच बोले काय?"

"असंच. आवाजही हाच."

(मी अजून काही बोललो असतो, पण एक कोंबडी डोक्यावर होती.)

मंदानं कोंबड्या नेल्या नाहीत. आता ती रोज दिवस कलता दारव्ह्याहून फोन करते. मी स्पीकर चालू करून फोन दारापाशी धरतो, ती मला झाडते, कोंबड्या ओळीनं आत जातात. एकदा नेटवर्क नव्हतं, तर मी स्वतःच स्वतःला शिव्या दिल्या. एकही हलली नाही. माझ्या शब्दाला या घरात कधी किंमतच नव्हती.

रोज शेवटी मंदा विचारते, "गेल्या काय साती?"

"थांब," मी म्हणतो, "अजून एक बाहेर हाय. बोल."

कोंबड्या केव्हाच आत गेलेल्या असतात. बाहेर असतो तो मी. मला आत जायला कोंबड्यांपेक्षा जरा जास्तच शिव्या लागतात!