किरकोळ जखमी

"जान तर नाही ना गेली? मग किरकोळ लिही."

आमचे ब्युरो चीफ माझ्या खुर्चीमागे उभं राहून बोलले. स्क्रीनवर माझ्या मायची बातमी होती. आदल्या दिवशी राइस मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात तिचा उजवा हात गेला. दोन बोटं तुटली. तिला सरकारी दवाखान्यात ठेवून मी पेपरच्या ऑफिसात टायपिंगला आले होते. ती माझी माय आहे, हे साहेबांना ठाऊक होतं.

त्यांनी कीबोर्ड ओढला. मिलचं नाव खोडलं. मायचं नाव खोडून 'मजूर महिला' केलं. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. 'किरकोळ' तेवढं माझ्यासाठी ठेवलं.

"देख, मिलवाल्या शेठजीची जाहिरात आपल्याकडेच येते. इमोशनल नको होऊ."

मी टाइप केलं. सांगायला लाज वाटते, बोटं एकदाही थांबली नाहीत. सहा वर्षांची सवय. ऑफिसचा नियमच होता. मेला तर ठार. नागपूरला हलवला तर गंभीर. बाकी सगळे किरकोळ.

आता नागपूरला कोण जातं? ज्याच्या दारात गाडी आहे तो. गेल्या उन्हाळ्यात याच शेठजींचा पाय बाथरूममध्ये मुरगळला. गाडीत घालून नागपूरला नेलं, म्हणून नियमाने गंभीर. तीन कॉलम, फोटोसकट. 'शहरातील प्रतिष्ठित व्यावसायिक' हे मीच टाइप केलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोणीतरी पेपर आणला. मायला वाचता येत नाही. "वाच व," म्हणाली. तो शब्द गाळता आला असता. गाळला नाही. होतं तसं वाचलं.

माय हाताच्या पट्टीकडे बघत राहिली.

"किरकोळ काऊन व? धानाचा रोवणा आता कोन्या हातानं लावू मी?" मग म्हणाली, "कोनं लिवलन?"

"मीच."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारच्या खाटेवर दवनीवाड्याचा एक म्हातारा होता. वाकडा झालेला पाय दाखवत तो म्हणाला, "माही बी बातमी किरकोळच आली होती, बाई. तवापासून असाच हाय." मला त्याचं नाव माहीत नव्हतं. त्याची बातमी मीच टाइप केली असणार. अशी किती माणसं मी दोन शब्दांत निकालात काढली? मला तिथे बसवेना. बाहेर व्हरांड्यात येरझारा घातल्या, पाणी प्यायले, पुन्हा आत आले. स्वतःचीच किळस येत होती.

त्याच आठवड्यात बिरसीकडची बातमी आली. धानाची पोती उतरवताना ट्रॅक्टरवरून पडून मजूर किरकोळ जखमी. मी दवाखान्यात फोन लावला. नाव विचारलं. मांडीचं हाड मोडलं होतं. नावासकट तेवढंच लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "नागपूरला नेलं काय?"

"नाही."

"मग नियम माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. मी लिहिणार नाही."

"नोकरी नको झाली का?"

नोकरी हवी होती. मायचा हात अधू झाल्यावर घर माझ्याच पगारावर होतं. तरी मी कीबोर्डला हात लावला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच बसून नाव खोडलं, हाड खोडलं आणि आपला शब्द घातला. सगळं ऑफिस बघत होतं.

उद्या पुन्हा कोणाची तरी बातमी येईल. मी पुन्हा फोन लावणार. काय मोडलं ते लिहिणार, कोणाचं मोडलं तेही लिहिणार. खोडायचं असेल त्याने रोज माझ्यासमोर बसून, सगळ्यांदेखत खोडावं. माझ्याकडून ते काम आता होणार नाही.