चुलीवरचा बर्फ

अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी म्हाळसाबाईंची वस्ती आहे. चाळीस शेळ्या, दोन गायी आणि नवरा खंडेराव. वीज आहे म्हणायची, पण दिवसातून दोन-तीन तास. दुधाची गाडी फक्त सकाळी येते, त्यामुळं उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध हमखास नासायचं.

गेल्या एप्रिलात तनुजा तिथं आली. मूळची लासूर स्टेशनची, आता शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं जीपमधून विजेशिवाय दूध गार करायच्या यंत्राच्या दोन लोखंडी टाक्या उतरवल्या. मध्ये नळी, नळीवर वाल्व्ह. एका टाकीत मीठ भरलेलं. खायचं नव्हे, अमोनिया वायू पिऊन बसलेलं.

"मावशी, ही टाकी सकाळी अंगणातल्या चुलीवर तापवायची," ती म्हणाली. "मग अमोनिया मिठातून निघून दुसऱ्या टाकीत जातो. ती पाण्यात ठेवली, की तिथं तो पातळ होऊन साठतो. वाल्व्ह बंद. संध्याकाळी उघडला, की मीठ त्याला परत ओढून घेतं, आणि जाताना तो दुसरी टाकी गार करून जातो."

"म्हंजी सकाळी सोडायचं, सांजेला कोंडायचं. शेरडांवानीच की."

"तसंच. फक्त मुतासारखा उग्र वास आला, की अमोनिया गळतोय समजायचं आणि लगेच लांब जायचं."

"पोरी, त्यो वास तर हितं रोजचाच हाय. आमी जायचं कुठं?"

तनुजाला हसू आवरेना. शेवटी तिनं यंत्र शेळ्यांच्या वाड्यापासून चांगलं लांब बसवलं.

चार दिवस प्रयोग झाले. दूध गार व्हायचं, पण माठातल्या पाण्याएवढंच. तनुजाचा चेहरा उतरला. पाचव्या दिवशी संध्याकाळी वाल्व्ह उघडल्यावर एक करडू मिठाच्या टाकीला नाक लावायला गेलं आणि टुणकन मागं उडालं. म्हाळसाबाईंनी हात जवळ नेऊन पाहिला. चुलीत जाळ नव्हता, तरी टाकी तापली होती. पुन्हा कुणी भाजू नये म्हणून त्यांनी टाकीला गोणपाट गुंडाळलं आणि वरून तांब्या-तांब्यानं पाणी ओतत बसल्या.

तनुजा ओरडणार होती, पण तिचं लक्ष दुसऱ्या टाकीकडं गेलं. तिच्या वरच्या कडेला पांढरं हिम धरलं होतं. तिला एकदम उमजलं: अमोनिया ओढून घेताना मीठ तापतं, ती उष्णता मातीच्या चुलीत अडकून बसायची, म्हणून ओढ कमी पडायची.

"मावशी, थांबू नका, ओता," ती म्हणाली आणि स्वतःच बादली घेऊन धावली.

तासाभरात त्या दुसऱ्या टाकीभोवतीच्या डब्यातल्या पाण्याचा बर्फ झाला. म्हाळसाबाईंनी बोट लावलं आणि भाजल्यासारखं मागं घेतलं. मग जे हसू फुटलं ते थांबेचना. त्या खालीच बसल्या. खंडेरावांनी एक खडा टकलावर ठेवला आणि डोळे मिटून डोलायला लागले. गूळ-लिंबाचं पाणी ओतून सगळ्यांनी बर्फ खाल्ला. करडांनीही चाटला.

म्हाळसाबाईंनी सिल्लोडला बहिणीला, रत्नमालाला फोन लावला. "आगं, म्या चुलीवर बर्फ केला."

"आक्का, उन्हात पदर घेत जा डोक्यावर," बहीण काळजीनं म्हणाली.

सकाळी गाडीवाल्या कचरूनं कॅनला हात लावला. "दूध एवढं गार कसं?"

"चुलीपशी ठिवलं व्हतं," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसून हसून बेजार झाल्या.

तनुजानं पुढच्या यंत्रात मिठाच्या टाकीभोवती पाण्याचा डबाच जोडला. आता संध्याकाळी एकीकडं दूध गार होतं, दुसरीकडं अंघोळीचं पाणी तापतं. पाच वस्त्यांवर अशी यंत्रं बसलीत, आणि ती शिकवायला म्हाळसाबाई जातात. तनुजाच्या स्कूटीवर मागं बसून, एका हातानं पदर आणि दुसऱ्यानं तिचा खांदा धरून. घाटाचा उतार आला की त्या तिच्या कानाशी वाकतात. "जरा जोरात घे की गं."