तिसरा प्रश्न

मोठ्या गुरुजींनी नकाशावर फिरवायची वेताची काठी माझ्या आईच्या दंडावर ठेवली. तिथून हळूहळू मनगटापर्यंत खाली आणली. मधेमधे थांबत. वर्गात गोदावरी दाखवायचे तशी.

आधी ते इंग्रजीत बोलले, पाहुण्यांसाठी. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत.

"हे गोंदण. आपल्या जंगलातली ही माणसं अजून हजार वर्षं मागं आहेत."

तीन परदेशी विद्यार्थी खुर्च्यांवर बसले होते. आम्ही ट्रेनिंगची मुलंमुली भिंतीला लागून उभी. मधोमध आई. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, पाय पोटरीपर्यंत धुळीनं भरलेले. काखेत पानांत बांधलेलं गाठोडं. ते तिनं घट्ट धरलं होतं.

गुरुजींनी मला बोट करून पुढं बोलावलं.

"तुला हिची बोली येते ना? ही तुझी कोणी लागते काय?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. आईपण.

"नाई, गुरुजी," मी म्हणाले.

आईला मराठी फारशी येत नव्हती. पण 'नाई' येत होतं. बाजारात, जंगलनाक्यावर, कचेरीत हाच शब्द तिनं जन्मभर ऐकला होता.

तिनं माझ्यावरून नजर काढून घेतली. दारात शिपाई उभा होता, त्याच्याकडं पाहून तिनं मोडक्या मराठीत सांगितलं, "मी बजारले आली. रस्ता चुकली."

कुरखेड्याच्या पलीकडच्या आमच्या गावाहून ती पायी वडशाला आली होती. वाटेत एक मुक्काम करून. वडशाहून छोट्या गाडीनं ब्रह्मपुरीला. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली होती ती, मला भेटायला. आणि रस्ता चुकली म्हणून सांगत होती.

गुरुजी म्हणाले, "विचार तिला, हे कशासाठी गोंदतात."

मी गोंडीत विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं. आईनं खाली पाहत उत्तर दिलं. म्हणाली, मेल्यावर डाग-दागिने, लुगडं, सगळं इथंच काढून घेतात. हे तेवढं संग येतं. तिकडं आधी गेलेले आपले लोक हे पाहून आपल्याला ओळखतात.

गुरुजी माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी म्हणाले, "शोभेसाठी, गुरुजी."

सिलोनच्या पाहुण्यानं ते वहीत लिहून घेतलं. बर्माच्या पाहुण्यानं फोटो काढला. तिसरा होता तो आफ्रिकेतल्या केनियाचा. त्याचं नाव म्वांगी. तो उठला आणि आपली खुर्ची त्यानं आईच्या पुढं सरकवली.

"नको, नको," गुरुजी हसून म्हणाले. "यांना खाली बसायची सवय असते."

आई खाली बसली.

मी 'नाई' का म्हणाले, ते सांगते. त्यानं माझा गुन्हा कमी होत नाही. पण सांगते.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. ब्रह्मपुरीच्या त्या ट्रेनिंगच्या शाळेत प्राथमिक शाळेचे मास्तर आणि मास्तरणी तयार व्हायचे. मी तिथं एकटीच गोंडाची मुलगी होते. पहिल्या आठवड्यात तहान लागली म्हणून वर्गात माझ्या तोंडून 'येर' गेलं. येर म्हणजे पाणी. गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि तो शब्द दहादा म्हणायला लावला. दर वेळी वर्ग हसला. शेवटी शेवटी मीही हसले. हसले नाही तर रडू येईल, असं वाटलं होतं.

वसतिगृहात जेवायला माझी पंगत वेगळी. कोपऱ्यात. कोणी मला जा म्हटलं नव्हतं. फक्त मी बसले की शेजारची मुलगी सरकायची. मग तिच्या शेजारची सरकायची. एकीनं तर विचारलं, "तुमी लोकं उंदरं खाता म्हणे, खरं काय वो?"

मी ठरवलं, बोली पुसून टाकायची. पाटीवरचं पुसतात तशी, थुंकी लावून. पुस्तकं मोठ्यानं वाचायचे. 'मले' गेलं, 'मला' आलं. 'ण' नीट म्हणता येईपर्यंत विहिरीवर एकटी म्हणत बसायचे. वर्षभरात गुरुजी भर वर्गात म्हणाले, "पाहा, हिच्या बोलण्यात आता जंगल राहिलं नाही."

मला अभिमान वाटला. हे लिहिताना हात जड होतो. पण अभिमानच वाटला होता.

मग दिवाळीच्या सुटीआधी नागपूरच्या कॉलेजात शिकणारे हे तीन परदेशी विद्यार्थी दोन दिवस आमच्या शाळेत यायचे ठरले. गुरुजींनी सांगितलं, प्रत्येक पाहुण्याची मुलाखत घ्यायची. त्यांचा देश, अन्न, सण, शाळा, सगळं विचारायचं. दुसऱ्या दिवशी सभेत वाचून दाखवायचं आणि शाळेच्या हस्तलिखितात सुंदर अक्षरात उतरवायचं. दुसऱ्या संस्कृतीची ओळख, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं.

माझं अक्षर चांगलं. केनियाच्या पाहुण्याच्या गटात लिहून घ्यायचं काम मला मिळालं. प्रश्नही मीच काढले. सात होते. तिसरा होता, तुमच्या घरी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलते? तो मी का काढला, तेव्हा मला कळलं नव्हतं.

पाहुणे आले त्याच दिवशी आई आली. फाटकाशी उभी राहून ती माझं घरचं नाव घेत गोंडीत काही विचारत होती. शिपायाला काही कळलं नाही. गुरुजींनी वरून पाहिलं आणि म्हणाले, बरं झालं, हिला आत आणा, पाहुण्यांना दाखवता येईल.

पुढचं सांगितलंच आहे.

दुपारी कडुलिंबाखाली मुलाखत झाली. आम्ही चौघं आणि म्वांगी. तो मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. कुठं शिकलात, असं एकानं विचारलं.

"हमारे गाँव में दुकान हिंदुस्तानी आदमी का है," तो म्हणाला. "उसके यहाँ काम करके सीखा. वो हमको नाम से नहीं बुलाता. सबको बॉय बोलता है. हमारे बाप को भी."

आमच्यातले दोघं खाली पाहू लागले. मी लिहून घेतलं.

मी तिसरा प्रश्न विचारला. त्यानं गवताची एक काडी उपटली. ती बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग बोलला ते असं.

लहानपणी त्याला दूरच्या मिशनच्या शाळेत ठेवलं. तिथं घरची बोली बोलायला बंदी. आठ वर्षं तो तिथं राहिला. इंग्रजीत पहिला यायचा. सुटीत घरी गेला की आईचं बोलणं त्याला दर वर्षी थोडं थोडं कमी कळायचं. आधी म्हणी गेल्या, मग थट्टा गेली, मग गाणी. शेवटी जेव, झोप, ये, जा एवढंच उरलं. आईनंही मग तेवढंच बोलायला घेतलं. पाहुण्याशी बोलतात तसं.

"इधर आने का दिन," तो म्हणाला, "माँ दरवाज़े पर खड़ी होकर बहुत बात बोली. बहुत. हम आधा समझा. पूछने का शर्म आया. सोचा, वापस आकर पूछेगा. फिर उधर से चिट्ठी आया. माँ मर गया."

मी लिहीत होते. पेन्सिल चालत होती.

"वो आधा क्या था, अब कौन बताएगा?" तो म्हणाला.

माझ्या शेजारच्या मुलानं चौथा प्रश्न विचारला, तुमच्याकडं भात होतो का. म्वांगीनं त्याचं उत्तर दिलं नाही. तो माझ्याकडं पाहत होता.

"सुबह वो औरत आया था. तुम उसको देखा, फिर नीचे देखा. कौन था वो?"

बाकीचे तिघं ऐकत होते. मला 'नाई' म्हणता आलं असतं. जीभ तयार होती.

"मेरी माँ," मी म्हणाले.

 तो रागावला नाही, समजूत घातली नाही. एवढंच म्हणाला, "तो तुम इधर क्यों बैठा है?"

मी उठून पळाले. फाटकाशी शिपाई होता, सखारामभाऊ. त्यांनी मला थांबवलं आणि ते पानांचं गाठोडं हातात दिलं.

"ते बाई ठेवून गेली. म्हणे पोरीले द्या. म्या इचारलं, कोन्त्या पोरीले? तं नाव नाई सांगे. नुसती रडून राह्यली होती." मग हळूच म्हणाले, "तुयीच माय होय न वो?"

मी मान हलवली.

"गेली बाप्पा ते. टेसनाकडं गेली. काई खाल्लं नाई, पानी बी नाई पेली."

स्टेशनात पोहोचले तेव्हा छोटी गाडी सुटून गेली होती. फलाटावर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मी त्याला विचारलं, गोंडाची एक बाई गाडीत बसली काय? तो म्हणाला, "बसली न. एकटीच खाली बसली होती, दारात."

गाठोड्यात नव्या धानाचे पोहे होते. एक काकडी. आणि माझ्यासाठी लाल मण्यांची माळ. मी फलाटावर बसले आणि पोहे खाल्ले. कोरडेच.  सगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. गावातली चार मोठी माणसं पुढं बसली होती. पाहुणे व्यासपीठावर. माझा नंबर आला तशी मी वही घेऊन उभी राहिले आणि केनियाच्या पाहुण्याची मुलाखत वाचली. दुकानदाराचंही वाचलं. त्याच्या आईचंही वाचलं.  गुरुजी मान डोलावत होते. त्यांना वाटलं, संपलं.

मी वही मिटली.

"काल ज्या बाईच्या हातावर काठी फिरवली, ती माझी आई," मी म्हणाले. "मी नाही म्हटलं, ते खोटं होतं. गोंदण शोभेसाठी असतं, हेही खोटं सांगितलं. ती काय म्हणाली ते आता सांगते."

आणि सांगितलं. आईचे शब्द आधी गोंडीत, जसेच्या तसे. मग मराठीत.

"खाली बस," गुरुजी म्हणाले.

मी उभीच राहिले.

"तुला इथपर्यंत कोणी आणलं ते विसरू नको. आम्ही माणसात आणलं तुला."

मी वही छातीशी धरली.  मी म्हणाले, "गुरुजी, मी आले तेव्हा माणूसच होते. इथं आल्यावर आईला ओळख द्यायची विसरले. ते तुम्ही शिकवलं आणि मी शिकले." आणि पुन्हा गोंडीत म्हणाले, "अद नावा याया." ती माझी आई.

मागं कोणीतरी हसलं. माझ्या वर्गातलंच. म्वांगी व्यासपीठावर उभा राहिला. तो उभा राहिला म्हणून गावातली मोठी माणसं गोंधळून उभी राहिली. एवढंच झालं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. दुपारच्या गाडीनं पाहुणे गेले. त्याची माझी पुन्हा भेट झाली नाही.

हस्तलिखित निघालं तेव्हा त्यात सिलोनची मुलाखत होती, बर्माची होती. केनियाची नव्हती. वसतिगृहात आता माझ्याशी बोलतही नव्हतं कोणी. मी ट्रेनिंग पुरं केलं. सोडून गेले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

दिवाळीला घरी गेले. वाटभर मनात बोलणं जुळवत होते, गोंडीत. काही शब्द आठवत नव्हते, ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते. आई अंगणात धान वाळवत होती. मला पाहून उठली. लुगड्याला हात पुसले.

"ये बाई," ती मराठीत म्हणाली. "बस. पानी आनतो."

मला वाटलं, रागानं बोलते आहे. मी तिच्या पायाशी बसले. गोंडीत बोलले, रडले, चुकलं म्हणाले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागाचा तो हात नव्हता. पण उत्तर मराठीत.

"तुले लाज वाटते न वो बाई, म्हून मी शिकून राह्यली. गावात कोतवालाची बायको हाय, तिच्यापाशी जातो रोज. पुढच्या बारीनं आली का साजरी बोलन. मंग तुले 'नाई' म्हना नाई लागन."

मी हात जोडले. नको शिकू म्हणाले. ती नुसती हसली. तिला वाटलं, मी तिचं मन राखते आहे.

त्या दिवसानंतर आई माझ्याशी कधी गोंडीत बोलली नाही. बाबांशी बोलायची, बहिणींशी, बैलांशी, कोंबड्यांशी बोलायची. मी आले की थांबायची आणि शब्द शोधत मराठी सुरू करायची. इतक्या थोड्या शब्दांत आई मावत नाही. तिची थट्टा, तिच्या शिव्या, लहानपणी सांगायची त्या गोष्टी, सगळं त्या बोलीत होतं. माझ्यासाठी तिनं ते दार लावून घेतलं. मायेनं लावलं, म्हणून ते मला तोडता आलं नाही. बरीच वर्षं गेली. अखेरच्या दुखण्यात मी उशाशी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाणी मागितलं. मराठीत.

मी आता जंगलातल्या एका गावी शाळा चालवते. मुलं गोंडीत बोलतात, मी गोंडीत शिकवायला सुरुवात करते आणि मग मराठीकडं नेते. दोन्ही त्यांना हव्यातच. साहेब तपासणीला येतात आणि शेरा लिहितात, वर्गात शुद्ध भाषा नाही. मागच्या वेळी एका साहेबांनी पहिलीतल्या पोरीची नक्कल केली. मी त्यांना वर्गाबाहेर जायला सांगितलं. ते गेले. बदलीचा कागद आला आहे. मी दुसऱ्या गावी जाईन, तिथंही हेच करीन. तिसऱ्या गावीही. नोकरी घेतली तर झाडाखाली बसवून शिकवीन. माझ्यासमोर बसलेल्या एकाही पोराला शिकण्यासाठी आपली आई नाकारावी लागणार नाही. मला लागली. हे भरून निघणार नाही, आणि ते भरून निघावं असं मला वाटतही नाही.